प्रयोग घरी आला, आणि परत गेला

मार्च २०२० च्या मध्यावर कोविडच्या साथीमुळे महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या. २३ मार्चचा दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, नंतर रद्दच झाला. तेव्हापासून दोन वर्षं शिक्षणाची जी काळजी वाहिली गेली, ती बहुतेक परीक्षेची होती. प्रयोगशाळेला कुलूप लागल्याची हळहळ फार कमी ऐकू आली.

अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात मला हे अधिक खटकत राहिलं. इथे जांभूळला एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. उल्हास नदीचं पाणी उचलायचं, गाळ खाली बसू द्यायचा, गाळायचं, जंतू मारायचे आणि पुढे पाठवायचं. टाळेबंदीतही ते काम थांबवणं शक्य नव्हतं. वीस सेकंद हात धुवा असं जग सांगत होतं, आणि त्या धुण्यामागचं रसायनशास्त्र याच परिसरात शिकण्यासारखं होतं: साबणाने विषाणूचं स्निग्ध आवरण फुटतं कसं, पाण्यात क्लोरीन किती आणि का. घराघरात ऑक्सिमीटर आले. बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश जातो, ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, आणि त्यावरून आकडा मिळतो. भौतिकशास्त्राचा इतका जिवंत धडा कुठल्या पुस्तकात सापडणार? पण मुलांपुढे होता मोबाइल, तोही वडील कामावरून परतल्यावर हाती येणारा. त्यावर पाठ्यपुस्तकाच्या पानांचे फोटो.

प्रयत्न झाले, ते नाकारता येणार नाहीत. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला आली. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. तिचा भर घरातल्या वस्तूंतून करून शिकण्यावर होता. ज्या घरात नेटपॅक परवडत नव्हता पण टीव्ही होता, तिथे ती पोचू शकत होती.

माझ्या लेखी या काळातलं सर्वांत मोलाचं काम मात्र मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राशी जोडलेल्या ‘क्यूब’ या जीवशास्त्राच्या उपक्रमात झालं. लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होती. बदलापूरहून मानखुर्द गाठणं सोडाच, कल्याणलाही जाता येत नव्हतं. तेव्हा क्यूबच्या विद्यार्थ्यांनी घरातच प्रयोगशाळा मांडल्या. पिकलेलं केळं बाटलीत ठेवायचं, फळमाश्या येतात. त्या वाढवायच्या. अंडी, अळी, कोष, माशी हे चक्र साधारण दहा-बारा दिवसांत पुरं होतं. रोज पाहायचं, मोजायचं, लिहायचं. मग ‘चॅटशाळे’त ऑनलाइन जमून एकमेकांना अडवायचं: नर कशावरून? तापमान किती होतं? दोनच बाटल्यांवरून हा निष्कर्ष कसा काढलास? दारातल्या आंब्याला मोहोर कधी आला, याच्या नोंदीही झाल्या. बाटलीतल्या याच फळमाशीवर काम करताना १९१० मध्ये टी. एच. मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि आनुवंशिकतेच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. ही माशी पाळायला महागडी उपकरणं लागत नाहीत; सातत्य लागतं आणि शंका विचारणारा सोबती लागतो. विज्ञान शिक्षणाच्या संशोधनात हे अनेक वर्षं मांडलं जातंय. महामारीने ते सक्तीने करून पाहायला लावलं.

शाळांच्या व्यवस्थेत यातलं फारसं काही उतरलं नाही. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा झाली नाही. पन्नास गुण नववीच्या निकालाचे, तीस वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिक मिळून वीस, असं सूत्र ठरलं. निकाल ९९.९५ टक्के लागला. शाळा उघडत-मिटत राहिल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडलेल्या जानेवारीत पुन्हा बंद झाल्या. २०२२ ची लेखी परीक्षा पंचाहत्तर टक्के अभ्यासक्रमावर झाली, प्रात्यक्षिक परीक्षा मात्र चाळीस टक्क्यांवर. कात्री सर्वांत खोल कुठे लागली, ते या दोन आकड्यांत दिसतं. मुलांना सवलत देणं योग्यच होतं. पण ज्या दोन वर्षांत मूल घरच्या बाटलीत, नळाखाली, दारातल्या झाडावर प्रयोग करू शकत होतं, त्या वर्षांत त्याच्या वहीतल्या नोंदींना गुण देण्याची सोय सहज करता आली असती. आजही करता येईल.