आजोबांच्या रेकॉर्ड्स, तुमचे हेडफोन : टर्नटेबल घेताना पैसे कुठे घालाल?

घर आवरताना माळ्यावरून एक जुनी पेटी खाली येते. वर धुळीचा थर, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या रेकॉर्ड्स. आई किंवा आजी म्हणते, "अगं, टाकू नकोस, वाजतात अजून." आणि त्याच रात्री तुम्ही मोबाइलवर टर्नटेबल शोधायला बसता.

तुमच्या घरीही असं झालं असेल तर पैसे भरण्याआधी हे वाचून घ्या. मी कोणाला काही विचारलं नव्हतं, म्हणून सांगतेय.

बडोद्याला दांडिया बाजारात माझं आजोळ. आजोबा गेल्यावर त्यांची पेटी उघडली, तर आत साठेक रेकॉर्ड्स निघाल्या. भीमसेन जोशींची 'अभंगवाणी', किशोरीताईंचा भूप, आणि अगदी तळाशी बालगंधर्वांच्या तीन जाडजूड तबकड्या. मी नुकतीच नोकरीला लागले होते. सुटकेससारखा दिसणारा, स्पीकर आतच असलेला एक स्वस्त प्लेअर मागवला. फोटोत फार गोड दिसत होता. आजी रोज संध्याकाळी 'अभंगवाणी' लावायची. चार-पाच महिन्यांनी म्हणाली, "पूर्वी शेवटाकडे इतकं खरखरत नव्हतं गं."

तिचं बरोबर होतं. मी सुईचं वजन मोजणारा छोटा काटा आणून बघितला. सुई रेकॉर्डवर सहा ग्रॅमहून जास्त दाब देत होती. चांगल्या टर्नटेबलवर हा दाब दोन ग्रॅमच्या आसपास असतो. आजोबांनी चाळीस वर्षं जपलेल्या रेकॉर्डवर मी रोज संध्याकाळी जवळजवळ तिप्पट ओझं ठेवत होते.

त्यानंतर जे शिकले ते पुढे आहे. बजेट साधारण साठ हजार धरते, थोडं कमी-जास्त चालेल. स्पीकर घ्यायचे नाहीत, हेडफोनवर ऐकायचं, त्यामुळे एक मोठा खर्च आधीच वाचतो. लहान फ्लॅटमध्ये, रात्री बाळ झोपलेलं असताना किंवा शेजारच्या खोलीत कोणाचा तरी अभ्यास चालू असताना हेच सोयीचं पडतं.

सगळ्यात आधी सुई

दुकानात आपली नजर जाते ती लाकडी चौकटीवर, रंगावर आणि झाकणावर. पण रेकॉर्डला स्पर्श करते ती फक्त सुई. ती ज्या छोट्या डबीत बसते तिला कार्ट्रिज म्हणतात. सुई खाचेतून जाताना थरथरते आणि कार्ट्रिज त्या थरथरीची वीज करते. गाणं तिथे तयार होतं. पुढची सगळी यंत्रं ते फक्त मोठं करत जातात.

म्हणून विक्रेत्याला विचारायचे प्रश्न तीनच. कार्ट्रिज बदलता येते का? सुई वेगळी मिळते का? आणि सुईच्या हाताला, म्हणजे टोनआर्मला, मागे फिरवून दाब कमी-जास्त करायचं वजन आहे का? तिन्हीचं उत्तर 'हो' आलं तर ते टर्नटेबल तुमच्या यादीत ठेवा.

ऑडिओ-टेक्निकाचं एलपी १२० एक्स हे या गटातलं नेहमी सुचवलं जाणारं मॉडेल. त्याच्यासोबत व्हीएम ९५ ई ही कार्ट्रिज येते. तिची गंमत अशी की डबी तीच ठेवून पुढची सुई तेवढी ओढून काढता येते आणि त्याच मालिकेतली महागडी सुई लावता येते. ऑर्टोफॉनच्या टू-एम रेड कार्ट्रिजचंही तसंच, पुढे कधीतरी टू-एम ब्लूची सुई घ्या, तिथेच बसते. रेगाचं प्लॅनर १ फार साधं आणि सुबक आहे, पण त्याच्या साध्या आवृत्तीत आणखी एक यंत्र जोडावं लागतं. त्याबद्दल पुढे येतेच.

ऑडिओ-टेक्निकाचं छोटं एलपी ६० एक्स स्वस्त आहे आणि पूर्ण ऑटोमॅटिक आहे. बटण दाबलं की हात आपोआप उचलून रेकॉर्डवर जातो आणि बाजू संपली की परत येतो. घरात हात थरथरणारं वयस्कर माणूस असेल तर ही सोय मी कमी लेखणार नाही. मात्र त्याची कार्ट्रिज बदलत नाही, फक्त सुई बदलते, आणि दाब कारखान्यातून ठरून आलेला असतो. सुटकेस प्लेअरपेक्षा कितीतरी बरं, पण 'पुढे हळूहळू सुधारू' असा विचार असेल तर तिथे जागा उरत नाही.

सुई कायमची नसते हेही लक्षात ठेवा. साध्या लंबगोल टोकाच्या सुईसाठी ऑडिओ-टेक्निका सुमारे ३०० तास सांगते, बारीक घडवलेल्या मायक्रोलिनिअर टोकासाठी सुमारे १००० तास. रोज एक तास ऐकलंत तर पहिली वर्षभरही पुरत नाही. जुनी रेकॉर्ड सगळ्यात जास्त खराब करते ती झिजलेली सुई. सेकंडहँड टर्नटेबल घेतलंत तर "सुई चांगली आहे" या शब्दावर विसंबू नका, नवी लावूनच सुरुवात करा.

आवाजच येत नाही!

टर्नटेबल घरी आलं, वायर जोडली, आणि आवाज डासाच्या गुणगुणीएवढा! बऱ्याच जणांचा पहिला दिवस असाच जातो.

कारण असं, की कार्ट्रिजमधून निघणारी वीज अगदी क्षीण असते, चार-पाच मिलिव्होल्ट. शिवाय रेकॉर्ड तयार करताना खर्जाचे स्वर मुद्दाम लहान आणि वरच्या पट्टीचे स्वर मुद्दाम मोठे करून कोरलेले असतात. नाहीतर खर्जाच्या खाचा इतक्या रुंद झाल्या असत्या की एका बाजूत जेमतेम काही मिनिटंच मावली असती. वाजवताना हे उलटं करून स्वर परत समतोल करावे लागतात आणि आवाज शंभरेक पट वाढवावा लागतो. ही दोन्ही कामं फोनो प्रीअ‍ॅम्प करतो.

एलपी १२० एक्सच्या पोटात तो आहे, मागच्या बटणाने चालू-बंद होतो. प्लॅनर १ मध्ये नाही, वेगळा घ्यावा लागतो. माझं मत विचाराल तर पोटातल्या प्रीअ‍ॅम्पवर सहा महिने ऐका. नंतर पैसे जमले की आयफायचा झेन फोनो किंवा प्रो-जेक्टचा फोनो बॉक्स असं काहीतरी घ्या आणि आतला बंद करा. दोन्ही एकदम चालू ठेवू नका, आवाज फाटतो.

प्रीअ‍ॅम्प वेगळा असेल तर बऱ्याच टर्नटेबलमधून येणारी एक बारीक, सुटी वायर दिसते. ती अर्थिंगची. प्रीअ‍ॅम्पच्या मागच्या स्क्रूला ती जोडली नाही तर गाण्यामागे सतत 'हूंऽऽ' येत राहतं आणि आपण उगाच यंत्राला नावं ठेवतो.

हेडफोन : उघडे की बंद?

हेडफोनवर रेकॉर्ड ऐकण्यात एक अडचण आहे, ती कोणी आधी सांगत नाही. स्पीकरवर धुळीचा 'टिक्' खोलीत विरून जातो. हेडफोनवर तोच टिक् थेट डोक्यात वाजतो. म्हणजे हेडफोनवाल्यांना चांगली सुई आणि स्वच्छ रेकॉर्ड स्पीकरवाल्यांपेक्षा जास्त गरजेची. मी सुईला पहिला नंबर दिला तो यामुळेही.

आता निवड. मागून जाळी असलेल्या उघड्या हेडफोनमधून आवाज मोकळा येतो, तानपुरा कानाबाहेर कुठेतरी वाजतोय असं वाटतं. सेनहायझरचे एचडी ५६० एस आणि एचडी ६५० हे या प्रकारचे. पण उघडे म्हणजे खरंच उघडे. कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर, खालच्या भाजीवाल्याची हाक, सगळं आत येतं आणि तुमचं गाणंही बाहेर जातं. त्याच खोलीत कोणी झोपलं असेल तर त्यांच्या कानावर पडेल.

बंद हेडफोनमध्ये हा त्रास नाही. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एम ५० एक्स घ्या. मात्र मेमध्ये, वीज गेलेली असताना, बंद हेडफोनमध्ये कान उकडतात हे मी अनुभवाने सांगते. डीटी ७७० च्या मखमली गाद्या त्यातल्या त्यात बऱ्या. शक्य असेल तर दुकानात जाऊन अर्धा तास घालून बसा. आवाज ऐकाच, पण चष्म्याच्या काडीवर दाब येतो का तेही बघा.

आता ओहमचा आकडा. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या प्रकारांत मिळतो, एचडी ६५० तीनशे ओहमचा आहे. आकडा मोठा म्हणजे दर्जा मोठा असं नाही. सोप्या भाषेत, जास्त ओहमच्या हेडफोनला सहसा जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, म्हणून मागे दमदार अ‍ॅम्प हवा. साध्या अ‍ॅम्पवर चालवायचं असेल तर ८० पर्यंतच थांबा.

दोघांच्या मधला दुवा

बहुतेक टर्नटेबलना हेडफोनचं भोक नसतं. मध्ये हेडफोन अ‍ॅम्प लागतो. इथे ऑनलाइन खरेदीत हमखास फसगत होते. हल्ली मिळणारे बरेच छोटे अ‍ॅम्प मोबाइल आणि लॅपटॉपसाठी बनवलेले असतात, त्यांना फक्त यूएसबीतून गाणं घेता येतं. टर्नटेबलच्या लाल-पांढऱ्या पिना घुसवायला त्यांना जागाच नसते! फोटोत यंत्राची मागची बाजू बघा, तिथे 'लाइन इन' असलेली लाल-पांढरी भोकं हवीत. आयफायचा झेन कॅन, फिओचा के ७ यांना ती आहेत.

तुमच्याकडे ब्लूटूथ हेडफोन आधीच असतील आणि ब्लूटूथवालं टर्नटेबल मिळत असेल तर सुरुवात तशीही करता येते. आवाज डिजिटल होऊन, दाबून येतो, पण रेकॉर्डला त्याने काही इजा होत नाही. इजा सुईने होते, त्यामुळे तडजोड करायचीच असेल तर इथे करा.

साठ हजारांची माझी वाटणी अशी झाली : निम्मे टर्नटेबल आणि कार्ट्रिजला, पाव हेडफोनला, उरलेले अ‍ॅम्प, ब्रश, वजनाचा काटा आणि एक जादा सुई यांना. किमती सारख्या बदलतात, म्हणून मॉडेलचे भाव इथे देत नाही.

एक सूचना परदेशातून सामान मागवणाऱ्यांसाठी. अमेरिकेतला भाऊ तिथलं जुनं टर्नटेबल स्वस्तात आणतो म्हणाला, तर आधी मोटर कुठली ते विचारा. तिथली वीज ११०-१२० व्होल्ट, ६० हर्ट्झची आणि आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवता येतं, पण विजेच्या हर्ट्झवर फिरणारी जुनी मोटर इथे सहाव्या हिश्शाने मंद चालते. लताबाईंचा आवाज एकदम जड, पुरुषी वाटायला लागतो. नव्या टर्नटेबलच्या अडॅप्टरवर '१००-२४० व्होल्ट' लिहिलेलं असेल तर काळजी नाही.

पेटीच्या तळातल्या त्या जाड तबकड्या

आजीच्या पिढीकडे बहुधा दोन प्रकारच्या रेकॉर्ड्स असतात. लवचीक, प्लास्टिकसारख्या त्या व्हायनलच्या एलपी, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या. आणि जाड, जड, हातातून पडली तर काचेसारखी फुटणारी ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी. या दोन्हींना एक सुई चालत नाही. ७८ ची खाच कितीतरी रुंद. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन खरवडत राहते, खरखर वाढते आणि सुईची वाट लागते. उलट ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवलीत तर एलपी गेलीच समजा.

तेव्हा पेटीत ७८ असतील तर टर्नटेबलला ७८ चा वेग हवा (एलपी १२० एक्सला आहे, एलपी ६० एक्स आणि प्लॅनर १ ला नाही) आणि ७८ साठीची वेगळी सुई हवी. व्हीएम ९५ मालिकेत ती 'एसपी' नावाने मिळते. या सुईला दाब जास्त लागतो, तेवढा आपला टोनआर्म देऊ शकतो का हे मागवण्याआधी विक्रेत्याला विचारा.

आणखी एक, अगदी महत्त्वाचं. लाखेची तबकडी स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने कधीही पुसू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, तबकडी कायमची जाते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर मऊ कापडावर घ्या, खाचेच्या दिशेने हलकेच पुसा, लगेच कोरडी करा. मधल्या कागदी लेबलवर पाणी जाऊ देऊ नका.

रेकॉर्ड्स उभ्याच ठेवा, पुस्तकांसारख्या. थप्पी लावली की खालच्या वाकतात. मुंबई-कोकण-गोव्याकडे असाल तर पावसाळ्यात कपाट अधूनमधून उघडं ठेवा, बुरशी खाचेत बसली की ती टिक्-टिक् सहजासहजी जात नाही.

पहिल्या दिवशी टर्नटेबल सपाट आहे ना ते मोबाइलमधल्या लेव्हल अ‍ॅपने बघा, सुईचा दाब काट्यावर मोजा, आणि पहिली रेकॉर्ड घरातली सगळ्यात लाडकी लावू नका. जुन्या बाजारात शंभर-दोनशेला मिळालेली कुठलीही लावा.

आमच्याकडे आता आजी बंद हेडफोन घालून झोपाळ्यावर बसते. टर्नटेबल मात्र दुसऱ्या भिंतीशी, झोपाळ्याचे हादरे पोचणार नाहीत असं. 'अभंगवाणी' अजून शेवटाकडे खरखरते, ते काही परत नीट होणार नाही. बालगंधर्वांच्या तिन्ही तबकड्या पुसून, नव्या पाकिटात घालून कपाटात उभ्या आहेत. त्यांची सुई अजून यायची आहे. आजी दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारते.