चिनी शहरांतली तरुणाई, लेखांक ५ : आडवं होण्याचा हिशेब

गेल्या आठवड्यात आपण चिनी शहरांतल्या घरांच्या किमती पाहिल्या. एका जोडप्याच्या फ्लॅटची सुरुवातीची रक्कम उभी करताना 'सहा पाकिटं' रिकामी होतात, हेही पाहिलं. मुलाचे आईवडील, त्याचे दोन्हीकडचे आजीआजोबा आणि तशीच तीन पाकिटं मुलीकडची. ज्याच्यासाठी एवढं केलं, त्या मुलाला आता काय वाटतं, हे आज पाहू.

एप्रिल २०२१मध्ये बायदूच्या चर्चामंचावर तिशीतल्या एका माणसानं छोटंसं टिपण लिहिलं. पाच वर्षांपूर्वी त्यानं कारखान्यातली नोकरी सोडली होती, सछ्वानपासून तिबेटपर्यंत सुमारे २,१०० किलोमीटर सायकल चालवली होती. महिन्याला साधारण २०० युआनमध्ये भागतं, दोन वेळा जेवतो, गरज पडली तर मिळेल ते काम करतो, असं त्यानं सांगितलं. सोबत फोटो होता : पडदे ओढलेली खोली आणि पलंगावर पडलेला तो. टिपणाचं शीर्षक होतं, आडवं होणं हाच न्याय.

चिनी शब्द 'थांग फिंग'. मराठीत 'ताणून देणं' हे त्याचं भाषांतर होणार नाही, कारण त्यात आळसाचा वास आहे. आपण दमून आल्यावर 'जरा आडवा होतो' म्हणतो, ते जवळचं. थकवा त्यात आहेच, शिवाय आता मला कोणी उठवू नये अशी विनंतीही आहे. काही आठवड्यांत हा शब्द देशभर पसरला. सरकारी वृत्तपत्रांनी त्यावर लाजिरवाणेपणाचा शिक्का मारला, त्या नावानं निघालेले ऑनलाइन गट बंद झाले आणि ऑक्टोबरमध्ये खुद्द शी चिनफिंग यांच्या लेखात 'आडवं होणं टाळा' असं आलं. एका माणसाच्या झोपण्याची एवढी दखल सत्तेला का घ्यावी लागली?

याचं उत्तर त्याच काळात फिरणाऱ्या एका विनोदात आहे. चीनमध्ये सामान्य गुंतवणूकदाराला आणि नोकरदाराला 'च्योउत्साय' म्हणतात. ही भाजी दिसायला लसणाच्या पातीसारखी आणि वागायला आपल्या लसूणघासासारखी : कापली की पुन्हा उगवते, पुन्हा कापायची. तरुण म्हणू लागले, आडव्या झालेल्या पातीवर विळा नीट चालत नाही.

पण आडवं व्हावंसं वाटण्याआधी एक दुसरा शब्द आला होता, 'नेइज्वेन', म्हणजे आतल्या आत गुंडाळत जाणं. त्याचा प्रवास विलक्षण आहे. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञानं १९६३मध्ये जावा बेटावरच्या भातशेतीबद्दल लिहिताना ही कल्पना वापरली. त्याच वाफ्यात दरवर्षी आणखी हात राबतात, पीकही थोडं वाढतं, पण माणशी वाट्याला येणारा तांदूळ वाढत नाही. पुढे ती चिनी शेतीच्या इतिहासकारांकडे गेली. २०२०मध्ये बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याचं छायाचित्र पसरलं : रात्री सायकल चालवतोय आणि हँडलवर लॅपटॉप उघडा आहे. ग्रंथालयातला शब्द त्या दिवसांत रस्त्यावर आला. आता चिनी तरुण त्याचं क्रियापद करून वापरतात. कोणी मुद्दाम रात्री दहापर्यंत कचेरीत बसला, तर तो बाकीच्यांना 'गुंडाळतो'. नाट्यगृहात पुढच्या रांगेतला एक जण उभा राहिला की मागचे सगळे उभे राहतात, नाटक मात्र पूर्वीइतकंच दिसतं, पाय तेवढे दुखतात.

मानववंशशास्त्रज्ञ श्यांग प्याओ यांनी याला भोवऱ्याची उपमा दिली : सतत फिरत राहण्यासाठी स्वतःच स्वतःला चाबूक मारणारा भोवरा. याच श्यांग यांनी पूर्वी आंध्रातून ऑस्ट्रेलियात जाणाऱ्या आयटी कामगारांचा अभ्यास केला होता. त्यामुळे दमलेल्या सुशिक्षित माणसाबद्दल ते बोलतात, तेव्हा आपण कान द्यायला हवा.

तो चाबूक कसा होता हे आकड्यांत सांगता येतं. ९९६ : सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस, म्हणजे ७२ तास. चीनचा १९९४चा कामगार कायदा आठवड्याला सरासरी ४४ तास सांगतो आणि महिन्याला जास्तीत जास्त ३६ तास ओव्हरटाइम. कायदा कागदावर होता. २०१९च्या मार्चमध्ये प्रोग्रॅमरांनी गिटहबवर '९९६.आयसीयू' हे निषेधाचं पान उघडलं : ९९६ करा आणि अतिदक्षता विभागात जा. पुढच्याच महिन्यात अलीबाबाचे जॅक मा म्हणाले की असं काम करायला मिळणं हे भाग्य आहे. २०२०च्या डिसेंबरअखेर एका ई-कॉमर्स कंपनीतली २२ वर्षांची मुलगी मध्यरात्रीनंतर काम संपवून घरी चालत जाताना कोसळली आणि गेली. ऑगस्ट २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ९९६ बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. भाग्य हा शब्द चिनी तरुण अजूनही विसरलेले नाहीत, आणि त्यांनी विसरू नये असंच मला वाटतं.

त्यांचे आईवडीलही राबले होते, कदाचित जास्तच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरकारी कारखान्यांतून कोट्यवधी लोक घरी बसले, तेही त्यांनी सोसलं. पण त्या पिढीच्या कष्टाला मोबदला होता. १९८०मध्ये पाचातला एक चिनी माणूस शहरात राहत होता, २०२०मध्ये तिघांतले जवळपास दोघे. खेड्यातून आलेल्याला नळाचं पाणी मिळालं, मग फ्लॅट, मग मुलासाठी विद्यापीठ. १९९९पासून विद्यापीठांच्या जागा झपाट्यानं वाढवल्या गेल्या आणि २०२३मध्ये तब्बल १ कोटी १५ लाख ८० हजार पदवीधर बाहेर पडले. त्यांना सामावून घेणाऱ्या खासगी शिकवण्या, इंटरनेट कंपन्या आणि बांधकाम या तिन्ही क्षेत्रांना २०२१पासून एकामागून एक फटके बसले होते. जून २०२३मध्ये शहरांतल्या १६ ते २४ वयोगटातली बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली. पुढच्या महिन्याचा आकडा प्रसिद्धच झाला नाही. जानेवारी २०२४मध्ये विद्यार्थ्यांना वगळून नवी मोजणी आली : १४.९ टक्के.

२०२३च्याच वसंतात तरुणांना शाळेतला एक धडा आठवला. लू शून यांची 'खोंग यीजी' ही १९१९ची कथा. गावच्या दारूच्या गुत्त्यात आखूड कपड्यांतले मजूर उभ्यानं पितात, लांब झग्यातले प्रतिष्ठित आत बसून. खोंग यीजी हा झगा घालून उभ्यानं पिणारा एकटाच. आयुष्यभर शिकला, परीक्षा कधी उत्तीर्ण झाला नाही, अंगमेहनत कधी जमली नाही, आणि सगळ्यांच्या हसण्याचा विषय झाला. लहानपणी आम्हीही त्याला हसलो, आता कळतं की पदवी हाच आमच्या अंगावरचा झगा आहे, असं हजारो जणांनी लिहिलं. सरकारी दूरचित्रवाणीनं उत्तर दिलं : खोंग यीजी बुडाला तो शिक्षणामुळे नव्हे, झगा उतरवून कष्ट करायची तयारी नव्हती म्हणून. त्यावर तरुण संतापले.

त्यांचा संताप मला पूर्ण पटतो. झगा उतरवल्यावर काय मिळतं, ते हू आन्यान यांनी लिहून ठेवलंय. एकोणीस नोकऱ्या केलेल्या या लेखकाचं बीजिंगमध्ये पार्सलं पोहोचवण्याच्या दिवसांवरचं पुस्तक २०२३मध्ये आलं आणि खूप वाचलं गेलं. त्यात एक हिशेब आहे. पोट भरायचं तर मिनिटाला अर्धा युआन मिळायला हवा. एका पार्सलामागे सरासरी दोन युआन, म्हणून दर चार मिनिटांना एक पार्सल. लघवीला दोन मिनिटं लागली तर एक युआन गेला. जेवणाच्या वीस मिनिटांचे दहा युआन, शिवाय जेवणाचे पैसे वेगळे, म्हणून ते बरेचदा दुपारी जेवतच नसत. या हिशेबापुढे 'कष्टाला लाजू नका' हा उपदेश फार स्वस्त वाटतो. २०२४च्या सुमारास शहरी नोकरदार स्वतःला 'न्यू-मा' म्हणू लागले. बैल-घोडे. घाण्याला जुंपलेल्या बैलाचं दुःख मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

सगळेच आडवे झालेले नाहीत, हेही सांगायला हवं. बहुतेक जण सकाळी उठून मेट्रोत उभे राहतात. काही आईवडिलांच्या घरी राहून पगारी 'पूर्णवेळ मुलं' झालेत : स्वयंपाक करायचा, आजीला दवाखान्यात न्यायचं आणि घरूनच महिन्याचे पैसे घ्यायचे. शेन्झेन, शांघाय, छंगदूमध्ये दिवसाला ३० ते ५० युआन भरून बसता येतील अशा नुसत्या नावाच्या कचेऱ्या निघाल्यात. तिथे टेबल, वायफाय आणि आजूबाजूला माणसं मिळतात, नोकरी तेवढी नसते. पैसे भरून रोज तिथे जाणाऱ्या मुलाला आळशी कसं म्हणायचं?

आणि सगळ्यात लांब रांग सरकारी परीक्षेची. तिच्यात उत्तीर्ण होण्याला ते 'शांग-आन' म्हणतात, किनाऱ्याला लागणं. ज्या पिढीला समुद्रात उडी मारून उद्योगधंदा करण्याचं स्वप्न दाखवलं होतं, तिचा हा शब्द आहे. नव्वदच्या दशकात सरकारी नोकरी सोडून व्यवसायात पडण्याला 'समुद्रात उतरणं' म्हणत. ती वाट आता उलटी झाली आहे. २०२४च्या राष्ट्रीय परीक्षेला ३९,६०० जागांसाठी ३० लाखांहून अधिक अर्ज पात्र ठरले. २०२६च्या परीक्षेला जागा ३८,१०० आणि पात्र अर्ज ३७ लाखांवर. त्या वर्षी वयाची मर्यादा ३५वरून ३८ केली गेली. खासगी कंपन्या पस्तिशीनंतर दार लावून घेतात, म्हणून किनाऱ्यावर पोहोचायला मिळालेली ही तीन वर्षं कित्येकांना मोठी वाटली. जो पोहोचला, त्याच्या लग्नाची बोलणीही सोपी होतात.

जो पोहोचला नाही, त्याच्या लग्नाचं काय होतं? २०१३मध्ये चीनमध्ये १ कोटी ३४ लाखांवर लग्नं नोंदली गेली होती, २०२४मध्ये ६१ लाख. त्या लग्नांकडे पुढच्या आठवड्यात.