मुस्लीम स्त्रीचे कायदेशीर व सामाजिक स्थान : खुलताबादच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

खुलताबाद येथे सय्यद झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. या बादशहाची चर्चा सामान्यतः युद्धे आणि राज्यकारभार यांच्या अंगाने होते. तथापि भारतातील मुस्लीम स्त्रीच्या कायदेशीर स्थानाचा विचार करताना त्याच्या नावाशी निगडित असलेला 'फतावा-इ-आलमगिरी' हा विधिग्रंथ अधिक महत्त्वाचा ठरतो. शेख निझाम बुऱ्हाणपुरी यांच्या नेतृत्वाखाली हनफी विद्वानांच्या मंडळाने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो अरबी भाषेत सिद्ध केला. वस्तुतः तो मतांचा संग्रह होय. एका फकिहाच्या मताशेजारी दुसऱ्याचे भिन्न मतही त्यात नोंदलेले आढळते. १८६५ मध्ये नील बेली यांनी त्याच्या आधारे इंग्रजी सारसंग्रह प्रसिद्ध केला आणि पुढे ब्रिटिश न्यायालये या संग्रहाकडे संहितेप्रमाणे पाहू लागली. मतमतांतराची लवचीकता या प्रवासात बरीचशी हरवली व त्याचा भार प्रामुख्याने स्त्रियांवर पडला, असे म्हणावे लागते.

शास्त्रातील हक्क

इस्लामी कायद्यानुसार विवाह हा करार असून मेहर हा पत्नीचा हक्क आहे (कुराण ४:४). तो तात्काळ देय (मुअज्जल) किंवा पुढे देय (मुवज्जल) असू शकतो. मेहरची रक्कम मिळेपर्यंत पतीच्या मालमत्तेचा कायदेशीररीत्या हाती आलेला ताबा विधवेला राखून ठेवता येतो. विवाहानंतरही स्त्रीची संपत्ती तिचीच राहते. इंग्लंडमधील विवाहित स्त्रीला असा व्यापक हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. वारसाहक्कात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा आहे. अपत्ये असल्यास विधवेला एक-अष्टमांश, नसल्यास एक-चतुर्थांश हिस्सा मिळतो. समतेच्या आजच्या कसोटीवर ही वाटणी उणीच ठरते. परंतु ती निश्चित आहे, आणि हनफी कायद्यात मृत्युपत्राने एक-तृतीयांशाहून अधिक मालमत्तेची विल्हेवाट इतर वारसांच्या संमतीवाचून लावता येत नसल्याने मुलीला सहजासहजी वगळता येत नाही.

समाजाने मात्र तिला वगळलेच. मुंबईच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयाने १८४७ मध्ये खोजा व कच्छी मेमन समाजांतील मुलींना वारसाहक्क नाकारणारी रूढी ग्राह्य धरली. १९३७ च्या शरियत कायद्याचा रोख अशाच रूढींवर होता. १९३९ च्या विवाहविच्छेद कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले. पती बेपत्ता झाल्यास हनफी मतानुसार स्त्रीला जवळजवळ आयुष्यभर वाट पाहावी लागे. मालिकी मताचा आधार घेऊन ही मुदत चार वर्षांवर आणण्यात आली. दोन वर्षे पोषण न करणे हेही विच्छेदाचे कारण ठरले. खुलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पूर्वीच्या 'ब' वर्ग राज्यांच्या मुलखाला हे दोन्ही कायदे १९५९ च्या केंद्रीय कायद्याने लागू झाले.

तलाक आणि औरंगाबाद खंडपीठ

एका दमात दिलेला तिहेरी तलाक हनफी परंपरेने पाप मानला, तरी परिणामकारकही मानला. १९०५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो धर्मदृष्ट्या निंद्य परंतु कायद्याने वैध असल्याचे मत मांडले आणि १९३२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पत्नीच्या गैरहजेरीत उच्चारलेला तलाकही मान्य केला. याविरुद्ध महाराष्ट्रात पहिला जाहीर आवाज उठला तो १८ एप्रिल १९६६ रोजी. हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लीम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. संख्या अवघी सात! पण त्या काळी तेवढ्या स्त्रिया घराबाहेर पडल्या हेच नवल.

न्यायालयीन वळण आले ते खुलताबादपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर. लातूरच्या एका पोटगीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने मे २००२ मध्ये निर्णय दिला. तलाक दिल्याचे पतीने लेखी कैफियतीत नुसते नमूद करणे पुरेसे नाही; तलाकची कारणे पत्नीला कळवणे, दोन्ही घरांकडून मध्यस्थ नेमणे, समेटाचा प्रयत्न करणे आणि तो निष्फळ होणे हे सर्व पतीने सिद्ध केले पाहिजे, असे पीठाने सांगितले. हा आधार बाहेरून आणलेला नव्हता. दोन्ही कुटुंबांतून एकेक मध्यस्थ नेमण्याची आज्ञा कुराणातच (४:३५) आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शमीम आरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हीच दिशा स्वीकारली. २०१७ मध्ये शायरा बानो प्रकरणात तिहेरी तलाक रद्द ठरला, तर २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा झाला. घटस्फोटित मुस्लीम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

शेतजमिनीचा प्रश्न

तलाकवर इतकी चर्चा झाली, त्या मानाने वारसाहक्क दुर्लक्षित राहिला. १९३७ च्या कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. शेतीवर जगणाऱ्या तालुक्यात बहुतेक कुटुंबांची खरी मालमत्ता तीच. ग्रामीण महाराष्ट्रात धर्म कोणताही असो, वारसनोंदीच्या वेळी बहिणीने हक्कसोडपत्र द्यावे ही अपेक्षा सर्रास आढळते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते आणि फेरफार मंजूर होऊन सातबारावरून तिचे नाव निघते. वडिलांच्या मृत्यूनंतर स्वेच्छेने दिलेले असे पत्र वैध असते. वडील हयात असतानाच घेतलेले पत्र मात्र वेगळे. इस्लामी कायद्यात वारसाहक्क मृत्यूच्या क्षणीच निर्माण होतो. तोपर्यंत सोडण्याजोगा हक्कच अस्तित्वात नसतो. म्हणून मोबदल्याशिवाय आधीच घेतलेले हक्कसोडपत्र निरर्थक ठरते, आणि मुलगी पुढे आपला वाटा मागू शकते. मोबदला स्वीकारला असल्यास मात्र न्यायालय तिला तसे करण्यास प्रतिबंध करू शकते.