आखातात नोकरीला निघालात? आधी कागद तपासा, मग पैसे द्या

पासपोर्टवर ‘उस्मानाबाद’, नव्या दाखल्यावर ‘धाराशिव’. एजंट म्हणतो ‘व्हिजिट व्हिसावर चला’. परदेशी नोकरीचे पैसे मोजण्यापूर्वी काय पाहावे?

धाराशिव जिल्ह्यातून कामासाठीची वाट पूर्वी पुण्या-मुंबईकडे किंवा ऊसतोडीच्या फडाकडे जायची. आता त्यात दुबई, दोहा, रियाधची भर पडली आहे. त्यासाठी कुणी शेत गहाण ठेवते, तर कुणी घरातले दागिने मोडते. हा पैसा एकदा चुकीच्या हातात गेला, की परत मिळणे अवघड असते. म्हणून पुढच्या गोष्टी घर सोडण्याआधीच तपासा.

जिल्ह्याचे नाव बदलले, पासपोर्टचे काय?

केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘धाराशिव’ नावाला मंजुरी दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याच्या नावाची अधिसूचना निघाली. मात्र नाव बदलले म्हणून जुना पासपोर्ट रद्द होत नाही. त्याची मुदत संपेपर्यंत तो चालतो.

व्हिसाच्या अर्जात जन्मस्थान पासपोर्टवर जसे छापले आहे, तसेच लिहा. पासपोर्टवर ‘उस्मानाबाद’ असेल, तर अर्जातही तेच. पदवी, जन्मदाखला आणि पासपोर्ट यांत वेगवेगळी नावे दिसत असतील, तर नामांतराच्या अधिसूचनेची प्रत सोबत ठेवा. गावाच्या नावापेक्षा स्वतःच्या नावाच्या स्पेलिंगमधला फरक जास्त अडचणीचा ठरतो. तो आधी दुरुस्त करून घ्या.

पासपोर्टवर ‘ईसीआर’ आहे का?

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ म्हणजे ईसीआर असा शेरा असतो. अशा व्यक्तीला सौदी अरेबिया, यूएई, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया यांसह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवरून मिळते.

दहावी झालेली असूनही शेरा असेल, तर गुणपत्रिका किंवा प्रमाणपत्र जोडून पासपोर्ट नव्याने काढता येतो. परवानगी टाळण्यासाठी ‘फिरायला चाललो’ असे सांगून जाऊ नका. पुढे काही घडले, तर तुम्ही तिथे कामाला होतात याची सरकारी नोंदच राहत नाही.

एजंट खरा की खोटा?

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना हवा. परवानाधारकांची यादी ई-मायग्रेटवर कुणालाही पाहता येते.

• परवाना क्रमांक मागा आणि तो स्वतः पोर्टलवर तपासा. फोटोवर विश्वास ठेवू नका.
• सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढी आहे. पावती घ्या.
• ‘मी मोठ्या एजंटचा तालुक्यातला माणूस’ असे सांगणाऱ्या, स्वतःचा परवाना नसलेल्या सब-एजंटला कायद्यात जागा नाही. तो नात्यातला असला तरीही.

व्हिजिट व्हिसावर काम करता येते का?

नाही. ‘तिथे गेल्यावर व्हिसा बदलून देऊ’ हे आश्वासन पाळले गेले नाही, तर बेकायदा ठरतो तो कामगार. दंड आणि कोठडी त्याच्याच वाट्याला येते.

संगणक शिकलेल्या तरुणांनी थायलंडमधील ‘डेटा एन्ट्री’ किंवा ‘डिजिटल मार्केटिंग’च्या भरघोस पगाराच्या जाहिरातींपासून विशेष सावध राहावे. अशा आमिषाने नेलेल्या अनेकांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपले गेले. मार्च २०२५ मध्ये अशा ५०० हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

पदवीधरांनी काय करावे?

परिचारिका, अभियंते, शिक्षक यांना पदवीचे साक्षांकन करून घ्यावे लागते. सौदी अरेबिया, ओमान, बहरीन हे देश ‘अपोस्टिल’ मानतात. यूएई, कतार, कुवेतसाठी मात्र राज्य शासन आणि परराष्ट्र मंत्रालय यांच्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. याला वेळ लागतो, त्यामुळे तिकीट आधी काढू नका.

बॅगेत काय नको?

खसखस यूएई आणि सौदीत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. त्यामुळे दिवाळीचे अनारसे किंवा खसखस घातलेला घरचा मसाला देताना आईला आधीच सांगा. ट्रामाडॉल, कोडीन असलेली वेदनाशामके आणि खोकल्याची औषधे यूएईत पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत. कोणतेही औषध नेताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी. शेजाऱ्याने ‘माझ्या पोराला द्या’ म्हणून दिलेले बंद पार्सल उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. त्यात जे सापडेल, त्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल. युरोपीय संघात किंवा ब्रिटनमध्ये जाणाऱ्यांनी कुंथलगिरीचा पेढा घरीच खाऊन निघावे. तिथे प्रवाशांना आपल्याकडून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.

घरी काय ठेवून जावे?

• पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र आणि विमा यांच्या प्रती. मालकाचे नाव, पत्ता, फोन.
• ईसीआर कामगारांसाठी ‘प्रवासी भारतीय बीमा योजना’ सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. पॉलिसीचा कागद आणि वारसाचे नाव घरच्यांना माहीत हवे.
• पगार जमा होण्यासाठी घरच्यांना माहीत असलेले बँक खाते.

अडचण आली तर?

पगार थकला किंवा मालकाने पासपोर्ट काढून घेतला, तर भारतीय दूतावासाशी संपर्क साधा. यूएई आणि कतारमध्ये कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवणे बेकायदा आहे. घरच्यांना गावातूनही परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

भारतातून टोल फ्री : १८०० ११ ३०९०
यूएईतून टोल फ्री : ८०० ४६३४२

हे दोन्ही क्रमांक निघण्यापूर्वी मोबाइलमध्ये सेव्ह करा, आणि घरातल्या कुणाच्या तरी वहीतही लिहून ठेवा.