तांब्याच्या पत्र्यावरचा उपहास : जॉर्जियन इंग्लंडची व्यंगचित्रे

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये राजाची, युवराजाची किंवा पंतप्रधानाची टर उडवणारे रंगीत चित्र एक-दोन शिलिंगांत विकत मिळे. ते वर्तमानपत्रात छापलेले नसे. तो एक सुटा कागद असे, हाताने रंगवलेला, चित्रविक्रेत्याच्या दुकानात काचेमागे टांगलेला. १७१४ ते १८३० या काळात इंग्लंडच्या गादीवर लागोपाठ चार जॉर्ज बसले. त्यांच्या राजवटीला जॉर्जियन काळ म्हणतात, आणि या सुट्या चित्रांची खरी भरभराट त्यातल्या शेवटच्या पन्नास-साठ वर्षांत झाली. सत्ताधाऱ्यांचा असा उघड आणि नित्याचा उपहास त्या काळच्या युरोपात दुसरीकडे क्वचितच खपवून घेतला जाई.

याची एक मुळी १६९५ मध्ये सापडते. छपाईपूर्वी सरकारी परवाना घ्यायला लावणारा कायदा त्या वर्षी संपला आणि पुन्हा आणला गेला नाही. आधी छापावे आणि मग परिणामांना सामोरे जावे, अशी मोकळीक मुद्रकांना मिळाली. दुसरी मुळी विल्यम होगार्थ या चित्रकाराच्या खटपटीत आहे. वेश्येच्या अधोगतीची सहा चित्रांची मालिका त्याने १७३२ मध्ये काढली आणि तिच्या चोरट्या नकला लगेच बाजारात आल्या. त्याने व इतर कलावंतांनी पार्लमेंटकडे धाव घेतली आणि १७३५ मध्ये कोरीव चित्रांना चौदा वर्षांचे संरक्षण देणारा कायदा अमलात आला. त्यात एक अट होती : प्रसिद्धीचा दिनांक आणि मालकाचे नाव पत्र्यावरच कोरलेले हवे. या अटीमुळे शेकडो चित्रांच्या तळाशी दिवस, महिना, वर्ष आणि दुकानाचा पत्ता आजही वाचता येतो. इतिहासाच्या अभ्यासकाला इतके नेमके साधन सहसा मिळत नाही.

होगार्थचा रोख मात्र व्यक्तींपेक्षा समाजावर होता. जिनच्या व्यसनाने उजाड झालेली गल्ली त्याने १७५१ मध्ये काढली, ती नीतिबोधासाठी. ओळखीच्या माणसाचे नाक-पोट फुगवून त्याला हास्यास्पद करण्याची इटालियन हौस लंडनच्या बाजारात रुजवण्यात मेरी आणि मॅथ्यू डार्ली या दांपत्याचा मोठा वाटा होता. १७७० च्या दशकात स्ट्रँड रस्त्यावरच्या त्यांच्या दुकानात परदेशी फॅशनने झपाटलेल्या, डोक्यावर उंचच उंच केशरचना मिरवणाऱ्या छेलछबिल्या तरुणांची चित्रे खपत.

चित्र तयार होई ते असे. घासून गुळगुळीत केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ लेप देत आणि तो धुराने काळा करत. चित्रकार सुईने लेप खरवडी. जिथे सुई फिरे तिथे तांबे उघडे पडे. मग पत्र्यावर पातळ केलेले नायट्रिक आम्ल ओतत. आम्ल उघड्या रेषा खाई आणि मेणाखालचा भाग शाबूत राही. नाजूक रेषा पुरेशा कोरल्या गेल्या की त्यांवर व्हार्निश लावून त्या झाकत आणि उरलेल्या रेषा आणखी खोल होऊ देत. पुढे पत्र्यावर शाई चोपडून पृष्ठभाग पुसून काढत, खाचांत राहिलेली शाई तेवढी ठेवत, आणि ओलसर कागद वर ठेवून दोन रुळांच्या दाबाखालून पत्रा नेत. छाप उलटी उमटते, म्हणून चित्रातला सगळा मजकूर, पात्रांच्या तोंडून निघणारे फुगे धरून, उलट्या अक्षरांत लिहावा लागे. जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराच्या पत्र्यांवर हा मजकूर दाट आणि सुबक दिसतो, कारण त्याची उमेदवारी अक्षरे कोरणाऱ्या कारागिराकडे झाली होती. शेवटी रंगारी समोरच्या नमुन्याबरहुकूम प्रत्येक प्रत जलरंगांनी हाताने रंगवत. पार्लमेंटमध्ये गाजलेला वाद थोड्याच दिवसांत काचेमागे लटके तो या झटपट पद्धतीमुळे.

मजुराला एक शिलिंगसुद्धा जड होता, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक पैसेवालेच असत. पण काचेतून बघायला पैसे पडत नसत. पिकॅडिलीवर सॅम्युएल फोर्सचे आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवर विल्यम हॉलंडचे दुकान होते. फोर्स व्यंगचित्रांचे गठ्ठे एका संध्याकाळपुरते भाड्याने देई. मेजवानीनंतर पाहुण्यांच्या करमणुकीला ते उपयोगी पडत. सर्वांत नामांकित दुकान हॅना हम्फ्री या बाईचे. १७९७ पासून ते सेंट जेम्स स्ट्रीटवर, राजवाड्याच्या आणि राजकारण्यांच्या क्लबांच्या ऐन शेजारी होते. जेम्स गिलरे त्याच इमारतीत तिच्याकडे राही आणि चित्रे काढी. त्याने १८०८ मध्ये निसरड्या हवेवर काढलेल्या चित्रात हेच दुकान दिसते : म्हातारा फुटपाथवर घसरून पडला आहे आणि मागची मंडळी त्याच्याकडे ढुंकूनही न बघता काचेतली चित्रे पाहण्यात गुंगली आहेत.

गिलरे (१७५६–१८१५) या काळच्या सगळ्या व्यंगचित्रकारांत श्रेष्ठ. रॉयल अकादमीच्या शाळेत शिकल्यामुळे मानवी शरीराची त्याला पक्की जाण होती, आणि म्हणूनच ते नेमके किती वाकवावे हे त्याला कळे. जुलै १७९२ मध्ये त्याने युवराज जॉर्जला जेवणानंतर खुर्चीत रेललेला दाखवला. वेस्टकोटाचे बटण ताणलेले, हातातल्या काट्याने दात कोरणे चाललेले, खाली रिकाम्या बाटल्या, मागे ओसंडणारे लघवीचे भांडे, आणि त्याच्याखाली दाबून ठेवलेली न भागवलेली बिले. त्याच महिन्यात जोडचित्र आले : बाप तिसरा जॉर्ज उकडलेले अंडे खातो आहे आणि त्याच्या विजारीला ठिगळ आहे. लेकाची उधळपट्टी आणि बापाची कंजूषी शेजारीशेजारी पाहिली की एका शब्दाचीही गरज उरत नाही.

त्याचे सर्वांत परिचित चित्र २६ फेब्रुवारी १८०५ चे आहे. जानेवारीत नेपोलियनने इंग्लंडच्या राजाला सलोख्याचे पत्र पाठवले होते. गिलरेने पंतप्रधान विल्यम पिट आणि नेपोलियन यांना एका टेबलाशी बसवले. मधल्या ताटात वाफाळते पुडिंग आहे, म्हणजेच पृथ्वीचा गोल. काडीसारखा पिट शांतपणे अटलांटिक महासागराचा तुकडा कापतो. बुटका नेपोलियन खुर्चीवरून उठून तलवारीने युरोप तोडतो. पिटचा वाटा मोठा आहे, हे पाहणाऱ्याच्या लक्षात येते. नेपोलियन वस्तुतः त्या काळच्या मानाने सर्वसाधारण उंचीचा होता. तो बुटका होता ही जगभरची समजूत मुख्यतः गिलरेच्या चित्रांनी पसरवली.

या बाजारात हिंदुस्थानही होता. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार सरकारी नियंत्रणाखाली आणण्यासाठी मंत्री चार्ल्स जेम्स फॉक्सने १७८३ मध्ये विधेयक आणले, तेव्हा व्यंगचित्रकार जेम्स सेयर्सने त्याला हत्तीवर बसवून, पौर्वात्य पोशाखात, कंपनीच्या कचेरीवर स्वारी करताना रंगवले. हत्तीला तोंड होते फॉक्सचा सत्तेतला भागीदार लॉर्ड नॉर्थ याचे. डिसेंबरमध्ये विधेयक लॉर्ड्सच्या सभागृहात पडले आणि सरकारही गेले. सेयर्सच्या चित्रांनी आपले नुकसान केले, असे खुद्द फॉक्सचे मत होते. १७९१ मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणहून तोफा नष्ट करून माघार घ्यावी लागली आणि वाटेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याला येऊन मिळाल्या, त्या मोहिमेवरही गिलरेने त्याच वर्षीच्या डिसेंबरात चित्र काढले. त्यात कॉर्नवॉलिस पळतो आहे आणि टिपू तटावरून त्याच्यावर लघवी करतो आहे. आपल्याच सेनापतीची अशी फजिती लंडनमध्ये उघड विकली जात होती.

टॉमस रोलंडसनची (१७५७–१८२७) प्रकृती वेगळी होती. त्याची रेषा लवचीक आणि खेळकर, विषय बहुधा रस्ते, खानावळी, जुगार आणि म्हातारे नवरे. १७८४ च्या वेस्टमिन्स्टर निवडणुकीत डेव्हनशायरची डचेस फॉक्ससाठी मते मागत हिंडली आणि एका खाटकाला चुंबन देऊन तिने मत मिळवले अशी वदंता पसरली. रोलंडसन आणि इतरांनी ती चघळून चघळून चितारली. बाईने राजकारणात उतरावे हेच या चित्रकारांना सोसत नव्हते. आयरिश, ज्यू, फ्रेंच आणि कृष्णवर्णीय माणसांच्या चित्रणातही तेच जुने आकस ठळकपणे दिसतात. धाडस आणि क्षुद्रपणा त्या एकाच कागदावर नांदत.

सरकार गप्प का राही? न्यायालयात जायचे तर चित्रातला लठ्ठ बेवडा म्हणजे युवराजच, हे सरकारी वकिलाला आधी सिद्ध करावे लागे, म्हणजे ती टवाळी आणखी मोठ्याने सांगावी लागे. १७९२ च्या कायद्याने बदनामीच्या खटल्यात पूर्ण निर्णय ज्यूरीकडे गेला. हा कायदा आणणारा फॉक्स स्वतः व्यंगचित्रकारांचे आवडते गिऱ्हाईक होता. चित्रांपेक्षा पुस्तके धोक्याची होती : हॉलंडला तुरुंगवास झाला तो राजसत्तेचा टीकाकार टॉमस पेन याचे लेखन विकल्याबद्दल. गिलरेला १७९६ मध्ये एका चित्राबद्दल अटक झाली, पण खटला पुढे गेला नाही, आणि पुढच्याच वर्षी पिटच्या पक्षाकडून त्याला सालीना दोनशे पौंडांचे गुप्त मानधन सुरू झाले. तुरुंगापेक्षा थैली जास्त लागू पडे. १८२० मध्ये व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकने शंभर पौंड स्वीकारून, आता राजा झालेल्या त्या युवराजाला अनैतिक प्रसंगात न रंगवण्याचे वचन दिले.

हाच क्रुकशँक १८१९ मध्ये प्रकाशक विल्यम होनसाठी लाकडी ठोकळ्यांवरची चित्रे काढत होता. सुधारणा मागणाऱ्या जमावावर घोडदळ घालून झालेल्या पीटर्लूच्या कत्तलीनंतर निघालेल्या त्यांच्या स्वस्त पुस्तिकेच्या लाखभर प्रती गेल्या. तांब्याचा पत्रा एवढा मारा सोसू शकत नाही, काही शे ते हजारभर प्रतींत त्याच्या रेषा झिजू लागतात. लाकडी ठोकळा मात्र अक्षरांच्या खिळ्यांबरोबरच छापता येतो. त्यातच शिलाछाप आली, भडक रंग आणि उघडी लघवीची भांडी नव्या मध्यमवर्गाला नकोशी झाली, आणि १८३० नंतर सुट्या चित्रांचा धंदा ओसरला. १८४१ मध्ये निघालेल्या ‘पंच’ने उपहासाला साप्ताहिकाची शिस्त लावली, त्याच्या नावाची आणि धाटणीची पत्रे पुढे मुंबईतही निघाली.

गिलरे त्याआधीच संपला होता. १८०६ पासून त्याची दृष्टी मंदावली, १८१० च्या सुमारास बुद्धी ढळली, आणि मृत्यूपर्यंत हम्फ्रीबाईनेच त्याला सांभाळले. या काळच्या सुट्या व्यंगचित्रांचा सर्वांत मोठा संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्या अकरा खंडांच्या सूचीतले १७७१ पासूनचे खंड डोरोथी जॉर्ज या विदुषीने सिद्ध केले, आणि शेवटचा १९५४ मध्ये निघाला. दुसरा मोठा साठा वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे. सुमारे दहा हजार चित्रांचा हा संग्रह या ग्रंथालयाने १९२१ मध्ये विंडसरच्या राजवाड्याकडून विकत घेतला. त्याची सुरुवात चौथ्या जॉर्जने, म्हणजे दात कोरणाऱ्या त्या युवराजाने केली होती.