गोळ्या वाटल्या, पण खाल्ल्या का?

हेडफोन घरी विसरला असाल, बसमध्ये गोंगाट असेल किंवा आजचा डेटा संपत आला असेल, तर हा एपिसोड इथे वाचा. बोलले तसंच लिहिलंय, फक्त मध्ये मध्ये खोकले ते काढून टाकलंय.

आजचा विषय नावावरून कोरडा वाटेल: आरोग्य कार्यक्रमांचं मूल्यमापन. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. आधी माझी एक चूक सांगते.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर होतं. आमच्या गटाकडे काम होतं आशाताईंबरोबर फिरायचं. गरोदर आणि बाळंतीण बायकांच्या घरी जायचं, लोहाच्या लाल गोळ्या द्यायच्या, वहीत नाव लिहून सही नाहीतर अंगठा घ्यायचा. आम्ही यादीतलं एकही घर सोडलं नाही. शेवटच्या दिवशी अहवाल मीच लिहिला, 'उद्दिष्ट १०० टक्के पूर्ण'. वाचून दाखवला तेव्हा टाळ्याही पडल्या.

त्याच संध्याकाळी एका वहिनींनी चहाला बोलावलं. त्या साखरेचा डबा काढायला गेल्या आणि डब्यामागून गोळ्यांची पाकिटं खाली पडली. आम्ही दिलेलं तर होतंच, आधीच्या महिन्यांचीही होती. एकही फोडलेलं नव्हतं. वहिनी ओशाळल्या. म्हणाल्या, "मळमळतं गं. शी काळी होते. सासूबाई म्हणतात, गोळ्यांनी बाळ मोठं होतं, मग बाळंतपण अवघड जातं. पण तुम्ही एवढ्या उन्हाचं दारात येता, नको कसं म्हणायचं?"

मी चहा प्यायले आणि परत आले. अहवाल बदलला नाही. टाळ्या पडून गेल्या होत्या ना!

साखळी नेमकी कुठे तुटते?

आता शांतपणे बघू. गोळी कारखान्यातून गोदामात येते, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग उपकेंद्रात, मग आशाताईंच्या पिशवीत, मग घरात. आपल्या वह्या बहुतेक वेळा इथे थांबतात. पण गोळीचा खरा प्रवास अजून बाकी असतो. ती पोटात जायला हवी, रोज जायला हवी आणि अंगी लागायला हवी. चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. लिंबू, आवळा अशा आंबट गोष्टींबरोबर घेतली तर जास्त शोषलं जातं. शिवाय रक्त कमी असण्याचं कारण दरवेळी लोहच असतं असंही नाही. बी-१२ कमी असू शकतं, पोटात जंत असू शकतात, सिकलसेल असू शकतो.

मूल्यमापन म्हणजे ही सगळी साखळी एकेक कडी हातात घेऊन तपासणं. 'किती वाटलं?' हा पहिल्या काही कड्यांचा प्रश्न झाला. 'काय बदललं?' हा शेवटच्या कडीचा.

हा फरक देशाच्या आकड्यांतही दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, गरोदरपणात १०० किंवा जास्त दिवस लोहाच्या गोळ्या घेतल्याचं सांगणाऱ्या आया साधारण ३० टक्के होत्या. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, त्या ४४ टक्के झाल्या. चांगलीच वाढ. पण त्याच काळात रक्त कमी असलेल्या गरोदर बायकांचं प्रमाण ५०.४ टक्क्यांवरून ५२.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे गोळ्या घेणाऱ्या वाढल्या, तरी अॅनिमिया हलला नाही.

यावरून 'गोळ्या फुकट गेल्या' असं म्हणायची घाई करू नका. या सर्वेक्षणात रक्त बोटाला टोचून घेतात. शिरेतून घेतलेल्या रक्ताशी ताडून पाहिलं तर हिमोग्लोबिनचा आकडा वेगळा येऊ शकतो, यावर तज्ज्ञांमध्ये बराच वाद झाला. पुढे सरकारने अॅनिमिया मोजण्यासाठी शिरेतून रक्त घेणारं वेगळं सर्वेक्षण हाती घेतलं. तेव्हा कार्यक्रम तपासायचा तर आपला तराजूही तपासायला लागतो.

कशाच्या तुलनेत?

समजा, एका तालुक्यात कार्यक्रम सुरू केला आणि तीन वर्षांत बालमृत्यू कमी झाले. श्रेय कार्यक्रमाचं? असेल. पण मधल्या काळात रस्ता झाला असेल, पाऊसपाणी चांगलं झालं असेल, नवीन डॉक्टर आले असतील. कार्यक्रम नसता तर काय झालं असतं, हे कळल्याशिवाय उत्तर अर्धंच राहतं.

याचं फार सुंदर उदाहरण आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांचे मृत्यू थांबवण्यासाठी गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना तयार केलं. बाळाचं वजन करणं, त्याला उबेत ठेवणं, श्वास अडला तर मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि इंजेक्शन देणंसुद्धा त्या शिकल्या. त्या काळी अनेकांना हे धाडसाचं वाटलं. दवाखान्याबाहेर, झोपडीत, डॉक्टर नसताना इंजेक्शन?

अशा वेळी वाद घालण्यापेक्षा मोजणं बरं. ३९ गावांत ही सेवा सुरू झाली. शेजारच्या ४७ गावांत नेहमीच्याच आरोग्य सेवा चालू राहिल्या. सेवा सुरू करण्याआधी १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षं दोन्हीकडे जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली. तेव्हा हजार जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांत एकीकडे ६२ आणि दुसरीकडे ५८ बाळं दगावत होती. सेवेच्या तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, सेवेच्या गावांत हा आकडा २५ च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो जवळपास होता तिथेच राहिला.

१९९९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. २०११ पासून देशभरातल्या आशाताई घरी जाऊन नवजात बाळ तपासू लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तुमच्या घरी बाळ झालं असेल तर या भेटी आठवत असतील. त्या ४७ गावांची नोंद ठेवली नसती, तर ही गोष्ट 'आमचा अनुभव चांगला आहे' एवढ्यावरच थांबली असती.

कोणता मार्ग बरा?

तिसरं उदाहरण राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्याचं. तिथल्या खेड्यांत लसीकरण फारच कमी होतं. संशोधकांनी १३४ गावं घेऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत वाटली. एका गटात काहीच नवीन नाही. दुसऱ्यात दर महिन्याला न चुकता लसीकरण शिबिर. तिसऱ्यात तेच शिबिर, शिवाय प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्या की ताटांचा संच.

पूर्ण लसीकरण झालेली मुलं पहिल्या गटात ६ टक्के, दुसऱ्यात १८ टक्के आणि तिसऱ्यात ३९ टक्के निघाली. २०१० मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. गंमत खर्चाची आहे. डाळ दिली म्हणजे खर्च वाढणार असं वाटतं ना? पूर्ण लसीकरण झालेल्या एका मुलामागचा खर्च उलट निम्म्यावर आला. नर्सताई शिबिरात बसणारच होत्या. मुलं जास्त आली, म्हणून दर मुलामागचा खर्च घटला.

पण डाळ देऊनही १०० पैकी ६१ मुलांच्या लसी अपुऱ्याच राहिल्या. चांगलं मूल्यमापन यशाचा आकडा सांगतं आणि राहिलेल्यांची आठवणही करून देतं.

रकाना

हा एपिसोड करायच्या आधी मी त्या आशाताईंना फोन केला. इतक्या वर्षांनी कबुली दिली. त्या हसल्याच. म्हणाल्या, "अगं, तुला त्या दिवशी कळलं, मला आधीपासून माहीत होतं. पण वहीत 'वाटल्या' एवढाच रकाना होता. 'खाल्ल्या का' हा रकानाच नव्हता. आणि मला कधी कुणी विचारलंही नाही."

मला वाटतं, सगळा विषय यात आला. कुठे अडतंय हे बहुतेक वेळा शेवटच्या माणसाला माहीत असतं. मूल्यमापनाला आपण परीक्षा समजतो, नापास झालो तर बोलणी बसतील म्हणून 'उद्दिष्ट पूर्ण' लिहून मोकळे होतो. मीही तेच केलं. त्या दिवशी खरं लिहिलं असतं, तर कदाचित कुणीतरी वहिनींना सांगितलं असतं की गोळी रात्री जेवणानंतर घ्या, शी काळी झाली तर घाबरू नका, आणि सासूबाईंशीही एकदा बोलून बघितलं असतं.

तर पुढच्या वेळी 'इतक्या लाख लोकांना लाभ' अशी बातमी मोबाइलवर आली, की तीन प्रश्न विचारा. वाटलं की वापरलं? कशाच्या तुलनेत फरक पडला? आणि अडलं कुठे, हे घरोघरी जाणाऱ्या माणसाला विचारलं का?

आणि आज घरी एक काम करा. आईला, वहिनीला, ताईला विचारा, तुमच्या गोळ्या कुठे आहेत? साखरेच्या डब्यामागे सापडल्या तर रागावू नका. का ठेवल्या ते ऐका आणि मला व्हॉइस नोट पाठवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!