तेलाची परतीची वाट

जव्हार-मोखाड्याकडे एकाच कामावर ट्रॅक्टर पोसता येत नाही. पावसाळ्यात भाताची चिखलणी, मग ट्रॉली, उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर पाण्याचा टँकर. नागली-वरईच्या वरकस उतारांवर तर तो चढतच नाही. त्यात घरकुलाच्या जोत्यात मुरूम भरण्याचं काम निघालं, की दोन-चार ब्रास मालासाठी जेसीबी कुठून आणायचा? मग ट्रॅक्टरलाच पुढे लोडर बसवायचं ठरतं.

जव्हारच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये असं एक काम चाललेलं पाहिलं. ब्रॅकेट, बूम, बकेट हे लोखंडकाम उघड्यावर असतं. वेल्डिंग कच्चं असेल तर दिसतं तरी. खरी मेख तेलात असते. मालकाचा पहिला प्रश्न, “प्रेशर किती येईल?” मिस्त्री खाली वाकूनच म्हणाला, “दादा, प्रेशर येईल हो. तेल परत कुठून जाणार ते आधी बघू.”

प्रेशरचा हिशोब सोपा आहे. 63 मिलिमीटर बोअरच्या जॅकच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 31 चौरस सेंटिमीटर. 150 बार दाबाला एक जॅक साधारण पावणेपाच टन जोर लावतो. त्यातला बराचसा बूमच्या लांबीत खर्ची पडतो, तरी बकेटभर मुरुमाला उरतो तो पुष्कळ. वेग मात्र दाबावर नसतो, तेल किती येतं त्यावर असतो. 60 सेंटिमीटर स्ट्रोकच्या अशा दोन जॅकना पूर्ण उघडायला पावणेचार लिटर तेल लागतं. पंप मिनिटाला 20 लिटर देत असेल तर अकरा सेकंद. लोडर संथ वाटला की रिलीफ व्हॉल्व आवळायचा, ही आपल्याकडची खोड. त्याने वेग काडीचा वाढत नाही, होज मात्र फुटतो.

पंप कुठे बसलाय यावरही बरंच ठरतं. काही ट्रॅक्टरांत गिअर पंप इंजिनाच्या कडेला असतो, तिथून लाइन काढणं सोपं. मॅसी 1035 सारख्यात पंप मागच्या केसिंगमध्ये, तेलात बुडालेला. तिथे बरेच जण वेगळा गिअर पंप आणि वेगळी तेलटाकी बसवणं पसंत करतात. या शेडमधला पंप कडेचा होता, म्हणून लोडरचा व्हॉल्व पंप आणि मागची लिफ्ट यांच्या मध्ये घालायचा होता.

अशा व्हॉल्वला बाहेर जाणारी तोंडं दोन हवीत. एक टाकीकडे, दुसरं पुढे लिफ्टकडे. या दुसऱ्याला ‘पॉवर बियॉन्ड’ म्हणतात. लिव्हर मोकळे असताना तेल दुसऱ्या तोंडातून लिफ्टला मिळतं. लोडरच्या जॅकमधून परतणारं तेल पहिल्या तोंडातून टाकीत उतरतं. एक होज वाचवायला टाकीचंच तोंड लिफ्टला जोडलं, तर सुरुवातीला सगळं छान चालतं. पण मागे जड अवजार उचललं की लिफ्टचा सगळा दाब उलटा त्या परतीच्या खणात येतो. तो खण दाब सोसायला केलेलाच नसतो. सील उडतं, नाहीतर बॉडीला तडा जातो. मिस्त्रीने परतीसाठी वेगळा, जाड होज थेट टाकीत सोडला.

चाचणीआधी दोन्ही जॅक मिटवून तेल पाहिलं, कारण उघडलेल्या जॅकवर मोजून भरलं तर मिटल्यावर जास्तीचं तेल बाहेर येतं. मग इंजिन हळू ठेवून रिकामी बकेट वर-खाली केली, हवा निघून जाईपर्यंत. तेल दुधासारखं पांढरट झालं की पंप हवा ओढतोय असं समजावं. पंप गिअरबॉक्समधलंच तेल ओढत असेल, तर घाटाच्या चढावर तेल एका बाजूला सरकतं आणि हीच तक्रार तिथे येते, सपाटीवर नाही. गळती पाहायला त्याने पुठ्ठा फिरवला, हात नाही. सुईएवढ्या भोकातून उडालेलं तेल कातडीत शिरलं, तर जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते. आतून हात सडू शकतो, आणि तातडीने शस्त्रक्रियेला नाशिक गाठावं लागतं.

मग मागे वजन. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. भरलेली बकेट पुढे भार टाकून नेमकी तीच चाकं हलकी करते, आणि इथले रस्ते सगळे उताराचे. लिफ्टला काँक्रीटचा ठोकळा टांगल्याशिवाय मिस्त्रीने ट्रॅक्टर शेडबाहेर काढू दिला नाही. भरलेली बकेट गुडघ्याच्या वर न्यायची नाही, असंही बजावलं. मालकाला ठोकळ्याचा खर्च फुकटचा वाटत होता. मला विचाराल तर सगळ्या यादीत तोच पहिला असावा.

चिखलणीला लोडर उतरवावाच लागतो. व्हॉल्व ट्रॅक्टरवरच राहणार असेल तर जॅकचे कपलर सोडून टोप्या लावल्या की झालं. पण व्हॉल्व लोडरसोबत उतरणार असेल, तर पंपाकडून येणारा आणि लिफ्टकडे जाणारा कपलर एकमेकांत जोडल्याशिवाय इंजिनाला चावी लावायची नाही. मालकाच्या लक्षात राहावं म्हणून मिस्त्रीने त्या दोन्ही होजना लाल रंग फासला.